बारशाआधीची हाक

वरवंट्याला टोपडं नीट बसत नव्हतं; भिवराबाईनं नाडी पुन्हा सोडली, पुन्हा बांधली. पोर दगडासारखी टणक व्हावी म्हणून पाळण्याखालून आधी हा फिरवायचा, मग तिला… धुवायला टँकरचं तांब्याभर पाणी मिळालं होतं, तेही दगडानं पिऊन टाकलं. मांडीवर वजन मात्र थेट मुलाचं.

संध्याकाळी बारसं, आणि आत्या असून तिला पोरीचं नाव ठरवता येत नव्हतं.

“पिंकी ठिव की, अक्का,” भाऊ आसाराम उंबऱ्यातून म्हणाला.

“पाळण्यात गोड हाय. पर उद्या दूध सोसायटीच्या मीटिंगला पिंकीबाई उठली, तर हसतील लोक.”

“मग सरस्वतीबाई ठिव. दुपट्यातच चष्मा लावू.”

तो गेला. ती हसली, पण हसू ओठांवरच थांबलं — तिला हवं होतं म्हातारपणापर्यंत पुरणारं नाव, घेतलं की पांढऱ्या केसांची बाई समोर उभी राहील असं. आसारामच्या पहिल्या लेकीला नावच नव्हतं. कारखान्याचा ट्रक दाराशी आला तेव्हा सगळेच म्हणाले, ऊसतोडणीवरून आल्यावर करू बारसं, थाटात. आणि तिकडे फडावर, पाचटाच्या कोपीत थंडीनं ती गेली. बांधाला पुरताना आसारामनं हाक मारायला तोंड उघडलं होतं म्हणे, आणि मारायला हाकच नव्हती…

अंजना. अंजनाबाई. नाव भिंतीला लागून खाली पडलं. मग जानकी — रांगती असताना जानू, डोक्यावर पदर घेऊन कीर्तनात पुढं बसेल तेव्हा… चव घ्यावी तशी ती मोठ्यानं म्हणाली, “जानकीबाई.”

“ओ.”

मागच्या दाराकडून. म्हाताऱ्या बाईचा आवाज, सावकाश, पोटभर जेवल्यासारखा. मागं कोरडी विहीर आणि माळ.

“शिवकन्ये, तू ओ दिलीस का गं?”

“न्हाई, वन्सं,” आत पोरीला पाजत बसलेली भावजय म्हणाली. मग हळू, “तुमाला बी ऐकू आलं?”

धर्मापुरीच्या सप्ताहात महाराज म्हणाले होते, नाव घेतलं की देवाला यावंच लागतं. तेव्हा भिवराबाई आनंदानं रडली होती, सगळा पदर भिजला होता. तेच वाक्य आता मानेवरून गार उतरत होतं. कोण आलं? या पोरीचं म्हातारपण, इतक्या लांबून? की ती पहिली, मातीत नावाविना वाढत वाढत… मातीखाली वर्षं कशी सरतात, कोणाला ठाऊक. त्या पहिलीनं ते नाव आपलं म्हणून घेतलं असेल, तर या लेकराला कसं द्यायचं? आणि परत घेतलं, तर ती पुन्हा कोणाचीच नाही… विठ्ठला, नाव ठेवायला बसले आणि हे काय बोलावलं मी?

संध्याकाळी बाया जमल्या, पाळणा म्हणून झाला. अंजनाच म्हणायचं, असं ठरवून ती वाकली. पोरीनं डोळे उघडले, आत्याच्या खांद्यामागं बघितलं, आणि ओळख पटल्यासारखी हसली.

“सांग की भिवरे, पोर म्हातारी व्हईल तवर,” कोणीतरी म्हणालं, आणि रीतीप्रमाणे पाठीवर बायांचे बुक्के पडू लागले. त्यांत एक हात मारत नव्हता, नुसता ठेवलेला होता — जड, थंड, थकल्या माणसानं टेकवावा तसा. भिवराबाईनं वळून बघितलं नाही. भीती होतीच; पण आता ती एकीसाठी नव्हती, दोघींसाठी होती, आणि म्हणून की काय, मायेसारखी लागत होती. तिनं त्या एवढ्याशा कानाशी ओठ नेले. कोणतं नाव निघेल, ते आता तिच्या हातात राहिलं नव्हतं.