दोन काचांमधली बाटली

मला खुशाल जुनी म्हणा, मित्रांनो. आमच्या जातीत महिना उलटला की म्हातारपणच लागतं, आणि मला तर वर्ष होऊन गेलं. मी दुधाची नमुना-बाटली. काचेची, तुमच्या मुठीत मावेन एवढी. आता माझ्यात दूध नाही, पण माझं लेबल अजून शाबूत आहे आणि त्यावरचा आकडा खरा आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझ्यावर खोटेपणाचा आळ यायचा आहे.

माझा जन्म शहरातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत झाला. तिथल्या लोकांनी चांगलं दूध निवडलं, त्याचं फॅट पुन्हा पुन्हा मोजलं, नासू नये म्हणून औषधाचा थेंब घातला आणि आम्हा बहिणींना एका खोक्यात बसवलं. आमचं काम मोठं मानाचं. डेअरीतलं दूध मोजणारं यंत्र कितीही हुशार असलं तरी हळूहळू बहकतं. मग त्याला आमचं दूध पाजायचं, आमच्या लेबलाशी ताडून बघायचं आणि चुकत असेल तर त्याचा कान पिरगाळायचा. थोडक्यात, मी यंत्राची मास्तरीण. आमचे लाड तरी किती? गारव्यात ठेवा, पण गोठवू नका. कामाआधी कोमट करा आणि अलगद उलटसुलट करा. बस्स!

आम्ही आलो लाटगाले नावाच्या थंड मुलखातल्या एका लहानशा डेअरीत. तिथे सेल्गा नावाची बाई दूध तपासायची. मनाने फार चांगली. खोकं उघडून म्हणाली, "आल्या गं माझ्या खरं बोलणाऱ्या बाया!" मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

पण दुसऱ्याच दिवशी तिच्या नावाचा दिवस होता. इथे प्रत्येक नावाला वर्षातला एक दिवस असतो आणि त्या दिवशी कुणाला बोलवायचं नसतं. ज्याला यायचं तो येतो, म्हणून खाणं मात्र घमेलंभर तयार हवं. सेल्गाने बटाट्याची कोशिंबीर, बिटात मुरवलेले मासे, थरथरणारं गालेर्ट, म्हणजे थिजवलेल्या रश्शातलं मटण, असं सगळं आणून डेअरीच्या फ्रीजमध्ये कोंबलं. आमच्या खोक्याला जागाच उरली नाही. मग तिने तेच केलं जे इथे घरोघरी करतात. हिवाळ्यात खिडकीच्या दोन काचांमधल्या फटीत लोणी ठेवतात, सॉसेज ठेवतात, तसं आम्हाला तिथे ठेवून दिलं.

दुधाची गाडी चालवणारा डोनाट्स फुलं घेऊन आला. "पाच आहेत, मोजून घे! जोडीने आणली असती तर म्हणाली असतीस, मेल्याने मला आजच पुरलं." आमच्याकडे मेलेल्यांना सम फुलं देतात आणि जिवंतांना विषम. सगळे खळखळून हसले. काचेपलीकडे थंडी मात्र वाढत होती.

त्या रात्री आम्ही गोठलो. दूध एकदा गोठलं की त्यातलं लोणी फुटून वेगळं होतं आणि पुन्हा काही केल्या मिसळत नाही. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर सेल्गाने आम्हाला आत घेतलं, तेव्हा आम्ही वितळलो होतो, वरून पांढऱ्याशुभ्र दिसत होतो. लोण्याचे कण टोपणाखाली गोळा झाले होते. यंत्राची नळी नेमकी त्यांतच बुडाली. यंत्र म्हणालं, फॅट फार आहे. माझं लेबल म्हणालं, एवढं नाही. सेल्गाने लेबलावर विश्वास ठेवून यंत्राचा आकडा खाली ओढला. मी आतल्या आत ओरडत होते, पण बाटलीचं कोण ऐकतं?

सगळ्या गावाच्या दुधाचं फॅट उतरलं. लोक म्हणाले, यंदा गवत भिजलेलं होतं. पण तेक्लामावशीकडे एकच गाय होती, व्हेंता. तिचं दूध आधीच काठावरचं, ते आता मर्यादेखाली गेलं. अशा दुधाला डेअरीचं दार बंद.

मावशी स्वतः आली. डोक्याचा रुमालही सोडला नाही. "सेल्गा, बघ ना परत एकदा. मी थेंबभर पाणी घातलेलं नाही गं."

"मावशी, पाण्याचं कोण बोललंय? तीनदा बघितलं. यंत्राचं काय तुझ्याशी वैर आहे?"

मावशी हळूच म्हणाली, "म्हणजे म्हातारी झाली माझी व्हेंता. दूध घेणार नसाल तर वैरण कुठून आणू? कसायाची गाडी येते त्याला सांगावं लागेल."

भांडली असती तर बरं झालं असतं! आरडाओरडा केला असता, टेबलावर हात आपटला असता. पण तिने यंत्रावर विश्वास ठेवला, यंत्राने माझ्यावर ठेवला होता, आणि मी फडताळात गुमान उभी होते.

पुढच्या महिन्यात नवं खोकं आलं. सेल्गाने नवी बाटली लावली, तर यंत्राने तिचं फॅट लेबलापेक्षा कमी दाखवलं. तिने मला उचलून उजेडात धरलं. काचेला चिकटलेले लोण्याचे कण तिला दिसले. "अगं बाई, खिडकी!" एवढंच म्हणाली. मला कोटाच्या खिशात टाकून ती डोनाट्सच्या गाडीत बसली. "जोरात चालव!"

"कितीही जोरात चालवली तरी काय?" तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "व्हेंता काल सकाळी गेली."

मावशी रिकामा गोठा झाडत होती. सेल्गाने काही लपवलं नाही. खिडकी, थंडी, मी, सगळं सांगितलं आणि मला तिच्या हातावर ठेवलं. मावशीने माझ्यावरचं लेबल अंगठ्याने पुसलं.

"म्हणजे ती चांगलं दूध देत होती."

"हो मावशी."

"मी तिला जाताना बोलले गं. म्हटलं, आता तुझ्यात काही राहिलं नाही."

सेल्गा तिथेच बसून रडली. मावशीने तिला उठवलं नाही आणि शिव्याही दिल्या नाहीत. मला तिच्या खिशात परत टाकलं आणि गोठ्याचं दार लावून घेतलं.

सेल्गाने मला धुतलं आणि आपल्या टेबलावर ठेवलं, रोज नजरेला पडावी म्हणून. यंदा तिच्या नावाच्या दिवशी फ्रीजमध्ये फक्त आमच्या नव्या बहिणी होत्या. कोशिंबीर बाहेर आंबली तरी चालेल म्हणाली. लोक आले, गेले. तिचं लक्ष सारखं दाराकडे. बोलावता तर येत नाही, आणि बोलावणार तरी कोणत्या तोंडाने?

संध्याकाळी तेक्लामावशी आली. हातात तीन फुलं होती. मित्रांनो, दुसऱ्याचं खरंखोटं ज्याच्यावर ठरतं, त्याला आधी जपा हो. ते एकदा बिघडलं की निष्पाप जीव जातो, आणि मागून कळलेलं खरं कुणाच्या उपयोगी पडत नाही.

मावशीने एक फूल सेल्गाच्या हातात दिलं. उरलेली दोन, व्हेंताची म्हणून, माझ्यात ठेवली.