पडद्यावरचा कादंबरीकार

“काय करतंय तो?” पुढून मैना कोळणीने विचारलं.

“लिवतोय,” येसाजी म्हणाला.

“मगाशीबी लिवतच व्हता की!”

तंबूत हशा पिकला. मुरुडच्या चैत्री जत्रेत दयारामशेठचा सिनेमाचा तंबू लागला होता. बोलपट अजून यायचे होते, म्हणून पडद्याशेजारी उभं राहून येसाजी मुक्या चित्रातल्या पाट्या वाचून दाखवायचा. पूर्वी तो रेवदंड्याच्या खाडीवर तरीच्या होडीसाठी उतारूंना हाका मारी, त्यामुळे आवाज कमावलेला. एरवी काम सोपं असायचं. तलवारी पडद्यावर नाचायच्या, खणखणाट येसाजी तोंडाने करायचा. पण या खेपेला शेठने स्वस्तात आणलं होतं एका नामवंत कादंबरीकाराचं चरित्र. आता कादंबरीकार करणार काय? बसणार, दौतीत टाक बुडवणार, आढ्याकडे बघणार.

माणसं धोतरं झटकत उठायला लागली. कनातीमागून शेठ कळवळला, “अरे येसाजी, कंई कर! पब्लिक जाय छे!”

पब्लिक गेलं की नोकरी गेली. येसाजीने छाती भरून घेतली आणि कादंबरीकाराच्या वतीने गरजला, “दुष्टा! हे पत्र वाच आणि लढायला ये!”

उठलेली माणसं मटकन खाली बसली.

तेवढ्यात पडद्यावर छत्री घेतलेला एक किडकिडीत गृहस्थ आला. तो बिचारा पुस्तकं छापणारा. पण तंबू खवळला. “ह्योच त्यो! हाणा!” एक नारळाची करवंटी पडद्यावर आदळली. गृहस्थाने कादंबरीकाराला हार घातला. आता आली का पंचाईत!

“वरनं ग्वाड बोलतोय,” येसाजीने सावरून घेतलं, “पन पोटात काळं हाय त्याच्या!”

“हाय, हाय! आमचा दलाल असाच हाय!” मैना ओरडली. शेठने समाधानाने तपकीर ओढली.

मग कादंबरीकाराची बायको आजारी पडली. दोनच दृश्यांत तिचा हात खाटेवरून खाली लोंबला. पाटी आली: ‘पत्नीवियोगाने त्या थोर साहित्यिकाचे हृदय विदीर्ण झाले.’

येसाजीने पाटी पाहिली. तोंड उघडलं. पुन्हा मिटलं.

“वाच की रं,” मैना म्हणाली.

“बायकू गेली त्याची,” येसाजी हळूच म्हणाला.

तंबूत कुणी हसलं नाही. कादंबरीकार पुन्हा लिहायला बसला, तरी कुणी उठलं नाही.

खेळ सुटल्यावर शेठ धावत आला. “वाह! आगल्या खेळाला पन असाच रडवजे!”

“त्या टायमाला पाटी हाय तशीच वाचीन, शेठ,” येसाजी म्हणाला आणि बाहेर आला.

तंबूच्या दोरीशी मैना सुके बोंबील विकायला बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं.

“तुजी कवा गेली?”

“औंदा, शिमग्याच्या आदी.”

मैनाने टोपली ओढून घेतली आणि बाजूच्या वाळूवर त्याच्यापुरती जागा केली. येसाजी बसला. तंबूतून शेठ त्याच्या नावाने हाका मारत होता. येसाजीने ओ दिली नाही.