शुभा लाओशी

"ही घे बाई तुझी किल्ली. आणि तुझ्या लेकाला माझ्याकडून पुन्हा एकदा थँक यू सांग," मृणालिनीताई म्हणाल्या.

शुभाने चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. "निमिषला? ते कशाबद्दल?"

"अगं, नाताळात केवढा स्नो पडला इथं. तुमचा ड्राइव्हवे साफ केला की माझाही करून द्यायचा. मी म्हटलं, राहू दे रे, माझा माणूस येतो. तर म्हणाला, काकू, मला तरी दुसरं काय काम आहे. न्यू इयर होईपर्यंत इथंच होता की तो. एकटाच. अनिका दिसली नाही, पण मी काही विचारलं नाही." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तुम्हाला ठाऊक असेलच."

"हो, ठाऊक आहे," शुभा म्हणाली.

मृणालिनीताई शेजारच्या. पूर्वी शिकागोच्या इस्पितळात भूलतज्ज्ञ होत्या, आता निवृत्त आणि एकट्या. सप्टेंबरात शुभा आणि रवींद्र चीनला गेले, तेव्हा शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे आणि दुसरी शहरात अनिकाबरोबर फ्लॅटमध्ये राहणाऱ्या निमिषकडे ठेवून गेले होते. दोघे कालच परतले होते. तीन आठवड्यांची चिनी नववर्षाची सुट्टी, मग पुन्हा तिकडे, असं ठरलं होतं.

मृणालिनीताई गेल्या आणि शुभा कप विसळत उभी राहिली. 'ठाऊक आहे' हे शेजारणीपुढे लाज राखायला तोंडून निघालं होतं. पण ते खोटं नव्हतं, आणि तेच तिला सहन होत नव्हतं.

नागपूरला शुभाने इंग्रजीत एम.ए. केलं होतं. कॉलेजात शिकवायचं होतं. तेवढ्यात लग्न झालं, अमेरिका आली, निमिष आला, आणि पुढची सगळी वर्षं एका फार्मसीच्या काउंटरमागे गोळ्या मोजून बाटल्यांत भरण्यात गेली. फोनवर तिचा आवाज ऐकून गिऱ्हाईक विचारायचं, दुसरं कुणी आहे का बोलायला? निमिष सातवीत असल्यापासून तिचे उच्चार सुधारत आला होता. "आई, it's not 'व्हाइन', it's 'वाइन'." ती हसून दुरुस्त करायची. पुढे पुढे तिने बाहेर बोलणंच कमी केलं.

रवींद्रच्या कंपनीने त्याला वेळेआधी निवृत्त केलं आणि घरी बसून तो कावला. कुणाच्या तरी ओळखीतून चीनमधल्या एका कॉलेजची माहिती मिळाली. अमेरिकन पासपोर्ट, पदवी आणि एक ऑनलाइन कोर्स एवढ्यावर दोघांनाही इंग्रजीचे शिक्षक म्हणून घेणार होते. शुभा आधी नाही म्हणाली, आणि मग एका रात्रीत हो म्हणाली.

तिथे कॉलेजच्या फाटकावर 'आमचे विदेशी शिक्षक' असं मोठं पोस्टर होतं, आणि त्यावर सोनेरी केसांची कुणी भलतीच बाई होती. या दोघांना बघून स्वागताला आलेल्यांचे चेहरे क्षणभर पडले. पण महिनाभरात शुभाचा वर्ग असा भरू लागला की मुली मागे उभ्या राहायच्या. चाळीस तोंडं तिच्यामागून तिच्याच उच्चारात वाक्यं म्हणायची. रस्त्यात, कँटीनमध्ये, सगळीकडे हाक यायची, 'शुभा लाओशी'. लाओशी म्हणजे बाई, शिक्षिका. ती हाक ऐकली की तिची पाठ आपोआप ताठ व्हायची. इतक्या वर्षांनी आपण कुणीतरी आहोत असं तिला वाटत होतं.

नाताळ तिथे सुट्टीचा नसतो, पण पोरांना हौस फार. आदल्या दिवशी सफरचंदं देण्याची त्यांच्यात रीत. शुभाच्या खोलीत रंगीत कागदात बांधलेल्या सफरचंदांचा ढीग झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यक्रम होता. रवींद्र सांताक्लॉज होणार होता आणि आरशापुढे दाढी चिकटवत होता. मुली दाराशी येऊन थांबल्या होत्या. तेवढ्यात निमिषचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे आदली संध्याकाळ होती.

"Merry Christmas, आई. कशी आहेस?"

"मजेत रे. आज केवढा कार्यक्रम आहे, तुला फोटो पाठवते. अनिका कुठाय?"

"झोपलीये. तिला जरा बरं नाहीये."

त्याची दाढी वाढलेली होती. आणि त्याच्या मागे खिडकी होती, खिडकीला पडदा होता, जुन्या इरकलीचा, काठ खालच्या बाजूला घेतलेला. तो पडदा शुभाने स्वतः शिवला होता. तसा दुसरा पडदा अख्ख्या इलिनॉयमध्ये नसेल. निमिषच्या बोलण्यावरून तो शिकागोच्या त्याच्या फ्लॅटमध्ये असायला हवा होता, आणि बसला होता तिच्या स्वयंपाकघरात, बंद करून आलेल्या घरात, नाताळच्या आदल्या संध्याकाळी.

तिला ते दिसलं. कळलंही. तू आपल्या घरी काय करतोयस, एवढंच विचारायचं होतं. पण विचारलं की तो सांगेल, आणि सांगितलं की इथलं सगळं टाकून निघावं लागेल, हेही त्याच क्षणी कळलं. दाराशी मुली खुसखुसत होत्या. "मग बोलू हं बाळा, वाट बघतायत सगळे," ती म्हणाली.

निमिष म्हणाला, "ओके. एन्जॉय."

"कसा आहे?" दाढीतून रवींद्रने विचारलं.

"मजेत आहे," शुभा म्हणाली. आणि कार्यक्रमात ती खरोखर हसली, गायली, मुलींबरोबर नाचलीसुद्धा. पुढच्या प्रत्येक फोनवर तिने स्वतःच भरभर बोलून वेळ भरून काढला.

शनिवारी निमिष दुपारच्या गाडीने आला. शुभा एकटीच त्याला आणायला स्टेशनवर गेली. तो वाळला होता. गाडीत बसल्यावर त्याने पट्टा लावला, पण शुभाने गाडी सुरू केली नाही.

"मृणालिनीताई आल्या होत्या."

"I figured." तो समोर बघत होता. "अनिका नोव्हेंबरमध्येच मूव्ह आउट झाली, आई. थँक्सगिव्हिंगच्या आधी. कुणी काही केलं नाही, फक्त जमत नव्हतं. फर्निचर बरंचसं तिचं होतं. रिकाम्या फ्लॅटमध्ये बसवेना, so I came home."

"आम्हाला का नाही सांगितलंस?"

"तू इतकी खूश होतीस यार. तुला असं बोलताना मी कधी बघितलंच नव्हतं. ते बंद करायला सांगू? मी?"

पार्किंगमधल्या गाड्या एकेक करून निघून गेल्या. शुभाचे हात स्टिअरिंगवर होते. गप्प बसली असती तर हे इथेच मिटलं असतं. मुलाने आईचं सुख जपलं, एवढंच उरलं असतं.

"निमिष, मला दिसला होता पडदा," ती म्हणाली. "त्या दिवशी. मला कळलं होतं तू आपल्या घरी आहेस. मी मुद्दाम विचारलं नाही."

"I know," तो म्हणाला. "तुला दिसावा म्हणूनच तिथं बसलो होतो."

शुभाला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. तिने किल्ली फिरवली आणि सावकाश गाडी घरी आणली.

जेवताना रवींद्रने मुलाच्या पाठीवर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही. मृणालिनीताई काय म्हणाल्या ते शुभाने त्याला सकाळीच सांगितलं होतं. पडद्याचंही. "तू मला तरी सांगायचंस," एवढंच तो शुभाला म्हणाला होता, आणि मग खाली बेसमेंटमध्ये जाऊन बसला होता. दुसऱ्या सेमिस्टरचं विचारल्यावर मात्र म्हणाला, "मी जाईन. शब्द दिलाय आपण. तुझं तू ठरव." आपण येत नाही असं शुभाने कॉलेजला कळवून टाकलं होतं. विभागप्रमुख बाईंचं उत्तरही आलं होतं, अतिशय सभ्य, आणि त्यांनी मुलींना अजून सांगितलं नव्हतं.

संध्याकाळच्या गाडीसाठी ती निमिषला पुन्हा स्टेशनवर घेऊन गेली. फलाटावर मीठ टाकून बर्फ वितळवलेला होता, बुटांखाली करकरत होता.

"बाबा म्हणाले तू जात नाहीयेस," निमिष म्हणाला. "प्लीज, माझ्यासाठी नको थांबूस. Then that's on me too."

"तुझ्यासाठी नाही."

"मग?"

शुभाने थोडा विचार केला. "पूर्वी वर्गात उभी राहिले की मी आपली मी असायचे. आता तिथं उभी राहिले तर मला तूच दिसशील. शिकवणं नाही व्हायचं माझ्याच्याने."

माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि तिने माफी मागितलीही नाही. गाडी आली. दार उघडलं, तो चढला, आणि मागे वळून हात हलवणार तेवढ्यात शुभाही चढली.

"आई, what are you doing? तुझी कार?"

"राहील तिथंच."

"फ्लॅटमध्ये काही नाहीये. बसायलाही नाही."

"खाली बसू."

दार बंद झालं. गाडी हलली. डब्यात माणसं तुरळक होती. निमिष खिडकीशी बसला, बॅग शेजारच्या सीटवर ठेवली आणि बाहेर बघू लागला. शुभा दांडा धरून उभी राहिली. दोन स्टेशनं गेली. तिकीट तपासणारा आला तेव्हा तिने आपल्या इंग्रजीत, आपल्याच उच्चारात, शिकागोचं एक तिकीट मागितलं. त्याला ऐकू गेलं नाही. "सॉरी?" म्हणून तो वाकला. तिने पुन्हा सांगितलं, तितक्याच सावकाश, आणि निमिष मध्ये बोलला नाही.

तिकीटवाला पुढे गेल्यावर त्याने शेजारची बॅग उचलली आणि मांडीवर घेतली.