झिपरी खारीचं प्रकाशन

"मनकर्णाबाई, या न, पुढं बसा. आज तुमचा गुरुवार. बोलाचं काम नाई, निस्तं पाहाचं!" खुशालराव माइकवरूनच म्हणाले. सभागृह हसलं. मी हात जोडले आणि पहिल्या रांगेत बसले.

गुरुवारी सूर्य मावळेपर्यंत माझं मौन असतं. बावीस वर्षांत एकदाही मोडलेलं नाही. मूर्तिजापुरात हे सगळ्यांना ठाऊक, आणि अकोल्यात बालपुस्तकं छापणाऱ्या खुशालरावांना तर चांगलंच. म्हणून तर त्यांनी आमच्या शाळेतलं प्रकाशन गुरुवारी ठेवलं होतं.

तीन वर्षांपूर्वी, निवृत्त झाल्यावर, मी माझी वही त्यांना दिली होती. वर्गात सांगता सांगता रचलेल्या एकवीस गोष्टी. त्यांनी उभ्या उभ्या चाळली.

"बाई, आताचे पोट्टे मोबाइल पाहतेत, वाचते कोण? पुस्तक खपते ते शाळेच्या ऑर्डरीवर. अन् ऑर्डर देणाऱ्याले तात्पर्य लागते. तुमच्या गोष्टीत तात्पर्यच नाई. ठेवून जा, पाहू."

नंतर कधीही विचारलं की वही सापडत नसे.

यंदा दिवाळीनंतर शाळेत पत्रिका आली. 'झिपरी खार आणि इतर गोष्टी. लेखिका आकांक्षा.' आकांक्षा म्हणजे त्यांची सून.

मी भांडले नाही. समईपुढे बसले आणि जन्मात पहिल्यांदा देवाकडे कुणाचं वाईट मागितलं. याची फजिती मला या डोळ्यांनी पाहू दे. मग उठले आणि कामाला लागले. वही गेली तरी गोष्टी तोंडात होत्या. दर शनिवारी मी तिसरीच्या वर्गाला गोष्ट सांगायला जातेच. सहा शनिवार माझ्याच गोष्टी सांगितल्या, पोरांकडून म्हणवून घेतल्या, एक शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नाही. कशासाठी, ते त्यांना सांगितलं नाही.

मोतीराम सरांनी, म्हणजे हेडमास्तरांनी, सगळ्यांसमोर खोका फोडला. दोनशे प्रतींची ऑर्डर होती. पोरांच्या हाती पुस्तकं गेली. शाल पांघरलेली आकांक्षा वाचायला उभी राहिली.

"एक होती खार..."

"तिचं नाव झिपरी!" चाळीस पोरं एका सुरात म्हणाली.

लोकांना कौतुक वाटलं. आकांक्षाही हसली. "झिपरी निजायला निघाली..."

"कापसाच्या गंजीत गेली, गंजी म्हणाली, इथं नको! कडब्यात गेली, कडबा म्हणाला, तिथंही नको!"

तिला पुढचं वाचताच येईना. ती थांबली, पोरं थांबली नाहीत. "मग झिपरी बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या डब्यात निजली, आणि तिच्या स्वप्नात गाडी चालू लागली!"

उरलेली ओळ आकांक्षानं एकटीनं वाचली. "तात्पर्य, मुलांनी वेळेवर झोपावे."

पोरांतली स्वराली उठून उभी राहिली. "मॅडम, हे चुकलं. बाईच्या गोष्टीत तात्पर्य नसते."

"काहून वं, तुमी हे पुस्तक आधी वाचलं होतं?" मोतीराम सरांनी विचारलं.

"नाई सर, मनकर्णाबाईनं सांगतली."

सर वळले. "खोका तर आत्ता माह्या हातानं फुटला, खुशालराव."

खुशालराव खाली उतरून माझ्यापाशी आले. कपाळावर घाम. "बाई, आपल्यात ठरलं होतं, असं सांगा न सराले. एक शब्द बोला. पुढच्या छपाईत तुमचं नाव टाकतो, देवाशपथ."

मी ओठांवर बोट ठेवलं आणि खिडकीकडे दाखवलं. सूर्य अजून चिंचेच्या वर होता.

"बाई कशा बोलतीन? गुरुवार हाये!" मागून कोणीतरी ओरडलं. "तुमीच तर सांगतलं माइकवर!"

सभागृह पुन्हा हसलं. ते हसू मी तीर्थासारखं ओंजळीनं प्यायले.

"बाबा, तुमी तर मनलं होतं, वही रद्दीत भेटली," आकांक्षा म्हणाली. तिनं शाल काढून, घडी करून खुर्चीवर ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही.

सरांनी ऑर्डर रद्द केली. "एकही प्रत ठेवाची नाई." पुस्तकं परत खोक्यात जाऊ लागली. स्वरालीच्या मांडीवर एक उघडंच होतं. चित्रं कॉम्प्युटरकडून काढून घेतलेली. खारीला दोन शेपट्या. ती बोट ठेवून त्या मोजत होती.

"बाई, हे आपलीच झिपरी हाये न? मी ठेवू?"

मान हलवायला मौन आड येत नव्हतं. पण एक जरी प्रत शाळेत राहिली, तरी तिच्यावर आकांक्षाचं नाव राहणार होतं. मी मान हलवली नाही.

"दे बेटा," सर म्हणाले. तिनं पुस्तक दिलं. झिपरीवरचं बोट सगळ्यात शेवटी उचललं.

पुस्तकांचा टेम्पो अकोल्याच्या रस्त्याला लागला तेव्हा सूर्य मावळला. आता मला बोलायला मोकळीक होती. पटांगणात कुणी नव्हतं.