शिकंज्यात अडकलेला हात

मी एक जुना लोखंडी शिकंजा आहे, सुताराच्या बाकाला जखडलेला. मित्रांनो, भट्टीत वितळलो, साच्यात ओतला गेलो, कानशीने घासला गेलो, तेव्हा कुठे मला दोन जबडे मिळाले. लाकूड त्यांत ठेवायचे, दांडा फिरवून आवळायचे आणि खुशाल करवत चालवायची. धरलेले सोडायचे नाही, एवढीच माझी विद्या.

थोरल्या सुतारांनी माझे भारी कौतुक केले. पण पुढे त्यांचे हात आपोआप झटके घेऊ लागले, चाल झोकांडू लागली. दारुडा समजून लोकांनी त्यांना हाणले, गटारात लोटले. त्यातच ते गेले.

मग त्यांचा मुलगा बाकावर आला. चाळिशीत त्याचेही हात नाचू लागले. एरवी गाईसारखा गरीब माणूस, पण एकदा त्याने बायकोवर पटाशी भिरकावली. ती कानाला चाटून दारात रुतली. मग त्याने स्वतःचेच डोके भिंतीवर आपटून घेतले. दारूला तो कधी शिवलाही नव्हता.

एका दुपारी त्याचा हात उसळला आणि हातातला खुर्चीचा पाय गिऱ्हाइकाच्या कपाळावर बसला. रक्त पाहून शेजारचा किराणावाला धावला. "भरदुपारी ढोसून बसलाय! बापाचंच रक्त!" त्याच्यासह जमलेल्या चौघांनी सुताराला लाथाबुक्क्यांनी तुडवले. ओठ फाटला, दात पडला.

"नाही प्यायलो! बघा, हात स्थिर ठेवून दाखवतो!" असे ओरडत त्याने उजवा हात माझ्या जबड्यात घातला आणि डाव्याने दांडा गरागरा फिरवला. हाड कडकन मोडले. मी लोखंडाचा, तरी मला ते सोसवले नाही. कोणी पुढे होईना. शेवटी त्याची मुलगी आतून धावत आली आणि तिने दांडा उलटा फिरवला.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी सांगितले, हा हंटिंग्टनचा आजार. मेंदू झिजतो, तोल आणि स्वभाव दोन्ही सुटतात. आईबापांपैकी एकाला असला, तर प्रत्येक मुलाला होण्याची शक्यता निम्मी.

मुलगी परतली ती थेट किराणावाल्यासमोर उभी राहिली. "काका, बापाचंच रक्त म्हणालात ना? खरंय. आजोबांचा आजार बाबांना आला, उद्या मलाही येईल कदाचित. माझा हात हलला की मलाही तुडवणार?"

"अगं, तुला मांडीवर खेळवलंय मी," तो पुटपुटला.

"बाबा तर लहानपणी तुमच्यासोबतच खेळले होते."

मित्रांनो, आता बाकावर ती काम करते. करवत धरलेला तिचा हात मी रोज निरखतो आणि मला भीती वाटते. रस्त्यात कोणी झोकांडताना दिसले, तर हात उगारू नका. जवळ जाऊन "काय होतंय?" असे विचारा. या घरातल्या दोन पिढ्यांना तेवढे कोणीही विचारले नाही.