ऐकीव

शेट्येसाहेब पडवीत बसून आंब्याची अढी लावत होते. खाली गवत, त्यावर आंबे, पुन्हा गवत. शेजारचा मुसाभाई फाटक उघडून आत आला आणि पायरीशीच थांबला.

"साहेब, वहिनी गेल्या."

"कुठं?"

मुसाभाईनं मान खाली घातली. "मासे घ्यायला मिरकरवाड्याला आलेल्या, धक्क्यावरच पडल्या. टेंपोत घालून दवाखान्यात नेलं. पण त्याआधीच..."

साहेबांच्या हातात आंबा होता.

"तुम्ही स्वतः पाहिलंत, की ऐकलंत?"

मुसाभाईनं आवंढा गिळला. "ऐकलं."

"म्हणजे ऐकीव," साहेब म्हणाले, आणि त्यांनी तो आंबा ओळीत ठेवला. मग दुसरा, तिसरा. ओळ पुरी केली, वर गवत पसरलं. मुसाभाई उन्हात उभाच होता. मग साहेबांनी पंच्याला हात पुसले.

"चला."

फाटकाची कडी त्यांच्या हातून लागेना. ती मुसाभाईनं लावली.

ही शहाऐंशीच्या मे महिन्यातली गोष्ट.

साहेबांनी दापोलीच्या कोर्टात दिवाणी न्यायाधीश म्हणून सुरुवात केली होती. एक्क्याऐंशी साली ते मुंबईच्या हायकोर्टातून न्यायमूर्ती म्हणून निवृत्त झाले. साक्षीदारानं पाहिलं तेवढंच सांगावं, ऐकलेलं सांगू नये, हे सांगण्यात त्यांची सगळी कारकीर्द गेली. खोटं बोलणारा आधी आवंढा गिळतो, असंही ते नव्या वकिलांना सांगत. सगुणाबाईंना याचं हसू येई. मुसाभाईच्या बायकोला, सईदाला, त्या कुंपणावरून म्हणत, "आमटी खारट झाली तरी ह्यांना दोन साक्षीदार लागतात."

सगुणाबाईंच्या मागे वर्ष तसं बरं गेलं. साहेब भात लावायला शिकले, कालवण सईदाकडून येई. संध्याकाळी मुसाभाई येऊन बसे. एकच गोष्ट साहेबांना हवी होती: पडल्यावर सगुणा एकटी होती का, की कोणी जवळ होतं? ते विचारायला ते दोनदा धक्क्यावर गेले. दोन्ही वेळा बांगडे घेऊन परत आले.

सत्त्याऐंशीच्या ईदला सईदा शिरखुर्मा घेऊन आली. वाडगा ठेवून तिनं पदराची गाठ सोडली. आत चष्मा होता. एका काडीला काळा दोरा बांधलेला.

"वहिनींचाच ना ओ? कपड्यांची पेटी उघडली, तर ह्यांच्या जुन्या सदऱ्याच्या खिशात. त्या दिवसानंतर तो सदरा घातलाच नाय ह्यांनी."

साहेबांनी चष्मा हातात घेतला. दोरा त्यांनीच बांधला होता.

"हा मुसाभाईंकडे कसा?"

"कसा म्हणजे? हेच तर होते धक्क्यावर. वहिनींचं डोकं मांडीवर घेऊन बसलेले. टेंपोतसुद्धा. तुम्हांला बोलले नायत?"

"नाही."

सईदानं सुटलेला पदर पुन्हा खोचला. "भ्याले असतील. पाहिलं म्हटलं, की तुम्ही पुढचं विचारणार."

ती गेल्यावर साहेब बराच वेळ पायरीकडे बघत बसले. मग त्यांनी शिरखुर्मा खाल्ला. वाडगा पुसून घेतल्यासारखा रिकामा केला.

संध्याकाळी मुसाभाई नवा सदरा घालून आला. साहेबांनी तो दिसताच चष्मा कपाटात ठेवला.

"ईद मुबारक, मुसाभाई."

"मुबारक, साहेब. यंदा अढीचा काय सावळागोंधळ घातलाय! खालचे पिकून गेले, वरचे हिरवेच."

"तुमचा अभिप्राय कोणी मागितला?"

"वास फाटकापर्यंत येतोय. त्याला साक्षीदार कशाला पाहिजे?"

साहेब हसले. त्यांनी खालचा एक आंबा काढून धुतला आणि चांगली बाजू मुसाभाईला कापून दिली. खाताना मुसाभाई दोनदा बोलायला म्हणून थांबला आणि दोन्ही वेळा आवंढा गिळून पुन्हा आंबा खायला लागला. साहेबांनी ते पाहिलं. त्यांनी आणखी एक आंबा कापला.

दिवेलागणीला मुसाभाई उठला. साहेब फाटकापर्यंत गेले आणि कडी त्यांनीच लावली.

सगुणा शेवटी काही बोलली का, ते विचारायचं अजून राहिलं आहे.