डाव्या बाजूचा आवाज

डॉक्टर प्रुइटांच्या अंगठ्यांत जोर होता आणि त्यांना त्याचा गर्वही होता. खणात टेनिसचा चेंडू ठेवायचे आणि एक पेशंट गेली, दुसरी यायची आहे, एवढ्या वेळात तो दाबत बसायचे. आमच्या पोर्ट आर्थर गावातल्या ज्या बायकांनी छाती भरायला सिलिकॉनच्या पिशव्या बसवून घेतल्या, त्यातल्या निम्म्या त्यांच्याच हातच्या. पुढे वर्षा-दोन वर्षांत बऱ्याच जणींची छाती कडक व्हायची. शरीर त्या पिशवीभोवती आपलं एक कवच करतं आणि ते आवळत जातं. मग बाई परत आमच्याकडे. डॉक्टर दोन्ही हातांनी दाबायचे आणि कवच फुटलं की फट् आवाज यायचा. भूल नाही, काही नाही. मी नर्स. डोक्याशी उभं राहून पेशंटचे खांदे धरायचे, एवढंच माझं काम.

तेव्हा सगळीकडे असंच करत. हे वाक्य मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलंय की आता त्याची चीड येते.

डोरीन गिड्री आली ती एक्क्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये. शाळेच्या कॅन्टीनमध्ये वाढायची, तोंडाने फटकळ, मनाने साफ. टेबलावर पडल्या पडल्या माझ्याकडे उलटं बघत म्हणाली, "काय गं व्हर्ना, पळून जाईन म्हणून धरतेस का?"

"डॉक्टरांना लाथ मारशील म्हणून."

"मग पाय धर की, बाई!"

मग हसायची थांबली. "बहिणीची पोर मांडीवर घेतली ना, तर छातीला डोकंच टेकत नाही गं. टेकेल कसं? दगड झालाय नुसता. मी आणि क्लिफ्टन मूल होऊ देणार आहोत. ते माझ्या अंगावर झोपलं पाहिजे. मला बाकी काही नको."

उजवी बाजू पहिल्याच झटक्यात सुटली. डोरीनने डॉक्टरांच्या आईचा उद्धार केला आणि स्वतःच हसली. डावी मात्र हटून बसली. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. तिसऱ्या वेळी फट् झालं आणि त्याच्या पाठोपाठ आणखी एक आवाज आला, बारीक, ओलसर. केचपच्या पुडीवर पाय पडावा तसा. माझ्या तळहातांखाली तिचा डावा खांदा दचकला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

त्यांनी हात धुतले. "लिही. दोन्ही बाजू मऊ. परिणाम उत्तम."

मी लिहिलं. खोटं काय होतं त्यात? डावी तर उजवीहून मऊ झाली होती. डोरीन कपडे घालून आली आणि तिने मला कडकडून मिठी मारली.

पुढच्या साली तिला मुलगी झाली, कोलेट. दीड महिन्याची असताना मुद्दाम दाखवायला घेऊन आली. पोर आईच्या डाव्या बाजूला गाल टेकून गाढ झोपली होती. "बघ, उशी आहे उशी! पितेसुद्धा हीच बाजू. उजवी दिली की रडते."

मला तो ओलसर आवाज आठवला. तेव्हाच बोलायला हवं होतं. डॉक्टर शेजारच्याच खोलीत होते, माझी नोकरी होती, आणि पोर इतकी सुंदर झोपली होती. मी मूग गिळून बसले. दर नाताळला डोरीन मला ब्रेड पुडिंग आणून द्यायची आणि मी ते खायची.

ब्याण्णवच्या जानेवारीत टीव्हीवर आलं की सरकारने या पिशव्या बसवणं थांबवायला सांगितलंय. डॉक्टर प्रुइट तोवर वारले होते. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी डोरीन माझ्या स्वयंपाकघरात उभी राहिली. हातात आमच्या दवाखान्यातल्या तिच्या फाइलची नक्कल, मागे नऊ वर्षांची कोलेट. मी पोरीला वाटीभर गंबोचा रस्सा दिला आणि मागच्या अंगणात कुत्र्याकडे पाठवलं. तीन पायऱ्या होत्या. कठड्याला धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत ती उतरली.

"सकाळी गुडघे सुजतात तिचे," डोरीन म्हणाली. "ह्यूस्टनच्या डॉक्टरने माझं तपासलं. डावी पिशवी फुटलीय. आतलं सगळं काखेपर्यंत पसरलंय. मंगळवारी ऑपरेशन. जेवढं निघेल तेवढं काढतो म्हणाला, सगळं निघायचं नाही."

"आणि कोलेटचं?"

"हात वर केले त्याने. वाढीचं दुखणं असेल म्हणतो. पिशवी कधी फुटली तेही सांगता येत नाही म्हणतो." तिने कागद माझ्यापुढे ठेवला. "अक्षर तुझं आहे ना?"

"माझंच."

"मला डाव्या बाजूचा काहीतरी वेगळा आवाज आठवतो. इथे तर नुसतं उत्तम लिहिलंय. तू माझ्या डोक्याशी होतीस. सांग."

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. बोलले असते तर तिने विश्वास ठेवला असता.

"डावीकडे दोन आवाज आले होते, डोरीन. दुसरा पिशवीचा होता. तेव्हाच कळलं होतं मला."

"दहा वर्षं!" ती ओरडली. "दहा वर्षं माझं पुडिंग गिळलंस, सटवे! मी पोर घेऊन आले तेव्हा बोलली असतीस, तर बाटली दिली असती तिला!"

"हो."

"म्हणजे मी पाजत होते तेव्हा ती फुटलेलीच होती."

"हो."

तिचा आवाज एकदम उतरला. "त्याने झालं का गं हिला?"

"माहीत नाही."

"तू नर्स आहेस ना!"

"कोणालाच माहीत नाही, डोरीन. झालं असं सांगता येत नाही आणि नाही झालं असंही नाही."

ती खुर्चीत बसली आणि रडू लागली, आवाज न करता, कारण खिडकी उघडी होती.  मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले आणि तिचे खांदे धरले. हात आपोआप जुन्याच जागी गेले.

"सोड मला," ती म्हणाली.

पण तिने माझे हात झटकले नाहीत आणि मीही काढले नाहीत. बाहेर कोलेट पायऱ्या चढत होती. एका पायरीवर दोन्ही पाय, मग पुढची. आम्ही दोघी तिची पावलं ऐकत राहिलो.